एकाच मापाचे सात ब्लाउज

रशिदाच्या छातीवर पहिल्यांदा ते येऊन बसलं तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर होती.

मंगळवार पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाला तिचं दुकान. दहा बाय बाराची खोली, दोन मशीन, कटिंगचं टेबल आणि माप घ्यायला कोपऱ्यात पडदा. सोळा वर्षं ती इथं बायकांचे ब्लाउज शिवत होती. त्या दुपारी ती मशीनवर नव्हती, हातात कात्रीही नव्हती. दारात उभी राहून एका बाईला ती म्हणाली, "हुईल की. शुक्रवारी न्या." बाई पायरी उतरून गेली. रशिदा आत वळली आणि कुणीतरी छातीवर मांडी घालून बसावं तसं झालं. श्वास वरच्यावर अडकला. तळहात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या, कानात वारं घुमायला लागलं. टेबलाचा कोपरा धरून ती खाली बसली.

बयाबाई भिंतीला टेकून हूक लावत होती. साठी ओलांडलेली ही बाई अकरा वर्षं रशिदाकडची हातशिलाई करायची, आणि डोळे अजून असे की दोरा एका दमात ओवायची. तिनं हातातलं काम बाजूला टाकलं.

"काय हुतंय गं?"

"जीव चाललाय वाटतं, मावशी."

बयाबाईनं रशिदाच्या नवऱ्याला फोन लावला. नईमचं मोटर वायंडिंगचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. हाताचं ग्रीसही न पुसता तो गाडी घेऊन आला, आणि दहा मिनिटांत दोघं डॉक्टर विश्वजित यांच्या दवाखान्यात होते. दवाखाना त्यांच्या वडिलांचा. गल्लीतले अर्धे लोक त्यांना अजूनही 'धाकटे डॉक्टर'च म्हणायचे.

ईसीजी काढला, रक्तदाब बघितला, साखर बघितली. सगळं व्यवस्थित. तोवर छातीवरचं ओझंही उतरलं होतं, आणि रशिदाला उगाचच अपराधी वाटायला लागलं.

"हृदयाला काही झालेलं नाही, भाभी," डॉक्टर म्हणाले.

"मग छातीवर बसलंतं कोण?"

डॉक्टर हसले, पण प्रश्न त्यांनी टाळला नाही. "गेल्या वर्षी शहरात गवा शिरला होता, आठवतंय? समजा तो तुमच्या दुकानाच्या दारात आला. काय होईल? छाती धडधडेल, हातपाय गार पडतील, श्वास भरभर चालेल. पळायची तयारी करतं शरीर. तुमच्या शरीरानं आज तेच केलं. फक्त गवा नव्हता."

"न्हवता कसा? असल की कुठंतरी," रशिदा म्हणाली. "उगंच कसं घाबरंल शरीर?"

"बरोबर. तो कुठाय ते आपल्याला शोधायचंय. गोळी देता येईल, पण आधी मला माहिती पाहिजे. पुन्हा आलं तर घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. श्वास आत ओढायची घाई करायची नाही, बाहेर सावकाश सोडायचा. आणि लिहून ठेवा. कधी आलं, त्याआधी काय चाललं होतं."

घरी जाताना नईम म्हणाला, "दोन दिवस दुकान बंद ठेव."

"आणि दोनशे ब्लाउज कोण शिवणार?"

तिच्या ओळखीच्या दोन टेलरिंगवाल्या बायकांनी यंदा काम सोडलं होतं, त्यांची गिऱ्हाइकं रशिदाकडं आली होती. ईद झाली, लग्नसराई झाली, गौरी-गणपती, दसरा, आणि आता हे. मधे एकही दिवस मोकळा गेला नव्हता.

पण डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. रशिदाचा स्वभाव पहिल्यापासून उसवून बघण्याचा. दहा वर्षांची असताना अब्बांच्या ईदच्या कोटाची कॉलर ताठ कशी राहते हे बघायला तिनं ती उसवली होती. मार खाल्ला, पण आतलं कॅनव्हास बघितलं. शिवणकाम ती तसंच शिकली, दुसऱ्यांचे कपडे आतून बघून. आता आपल्याच आत काहीतरी होतं आणि ते तिला दिसत नव्हतं. भीती होतीच, पण त्या भीतीपेक्षा तिला जास्त छळत होतं ते हे न दिसणं.

मापाच्या वहीचं शेवटचं पान तिनं त्यासाठी काढलं. बोलायची तसंच लिहायची. 'मंगळवार, साडेअकरा. च्या पीत हुतो. फोन आला. मग झालं.' 'बुधवार, सहा वाजता. मशीनवरनं उठलो, दारात गेलो.' चार दिवसांत सहा नोंदी झाल्या.

आधी तिला चहावर संशय आला. दोन दिवस चहा सोडला, डोकं दुखलं, आणि छातीवरचं यायचं ते आलंच. मग वाटलं, नव्या कापडाच्या खळीचा वास असेल. तोंडाला ओढणी बांधून बघितली. बयाबाईनं सरळ निकाल दिला, "नजर लागलीया. मीठ-मिरची उतरून टाकतो." तिनं ती उतरूनही टाकली. रशिदानं हाही प्रयोग वहीत लिहिला आणि पुढं लिहिलं, 'तरी आलं.'

शनिवारी एका बाईचा अवघड ब्लाउज होता. पाठीवर मोर, बाहीला जुन्या पैठणीचा काठ. त्यावर रशिदा तीन तास बसली. काठ जरा हलला तर सगळं वाया, असं काम. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याच कामाचा ताण येत असेल. पण त्या तीन तासांत तिला काही झालं नाही. उलट शेवटचा टाका घातल्यावर मान वर केली तेव्हा तिला आंघोळ करून आल्यासारखं वाटत होतं.

तिनं वही काढली आणि सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. फोन. दार. पडद्याआड माप. सहाच्या सहा वेळा ती कुणाशी तरी बोलली होती. आणि बोलली काय होती?

"मावशी," ती म्हणाली, "आज एक काम करा. मी 'हुईल की' म्हटलं की एक हूक ह्या वाटीत टाका."

"कशाला गं?"

"बघूया की."

संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी वाटी टेबलावर ओतली. एकतीस हूक होते.

"काई काई वेळंला तर तू बाईचं बोलणं बी पुरं हू दिलं न्हाईस," बयाबाई म्हणाली. "ती म्हनली, 'भाभी, जरा', की तू 'हुईल की'."

रशिदा त्या हुकांकडं बघत राहिली. आपल्या तोंडातून हे इतक्या वेळा जातं याचा तिला पत्ताच नव्हता.

सोमवारी सकाळी ती वही घेऊन डॉक्टरांकडं गेली. त्यांनी सगळं वाचलं, मीठ-मिरचीसुद्धा. मग म्हणाले, "भाभी, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं केलंय. आता आज एका बाईला नाही म्हणून बघा. एकाच. आणि काय होतं ते लिहा. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची ओपीडी असते, दिवाळी झाली की तिथं पाठवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"लाजतंय कोण? तिथं काय काय इचारतात ते मला बघायचंच हाय."

दुपारी दोन नव्या साड्या घेऊन एक शिक्षिका आल्या. रशिदाची जीभ 'हुई'पर्यंत गेली. तिनं टेबलाखाली ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, "न्हाई हुनार बाई. दिवाळीच्या आत न्हाई हुनार."

शिक्षिका म्हणाल्या, "बरं. मग दिवाळीनंतर घ्या." आणि साड्या ठेवून गेल्या.

रशिदा बराच वेळ दाराकडं बघत बसली. सोळा वर्षांत तिनं हे का करून बघितलं नव्हतं? नाही म्हटलं तर काय होईल असं तिला वाटत होतं? नक्की काय, ते तिलाही सांगता येईना. तिनं वहीत लिहिलं, 'नुसतं बरं म्हणल्या.'

सगळ्याच बरं म्हणाल्या नाहीत. एकीनं तोंड वाकडं केलं, एक कापड परत घेऊन दुसरीकडं गेली. त्या दिवशी रशिदाच्या छातीत धडधडलंही. पण तोवर तिच्या डोक्यात दुसराच प्रश्न शिरला होता. हे आपल्या एकटीलाच होतं का?

माप घेताना बाईचे हात वर असतात, टेप अंगाभोवती फिरत असतो, आणि तिला करण्यासारखं काही नसतं. अशा वेळी रशिदा विचारायला लागली, "दिवाळी आली की कसं वाटतं वो तुमास्नी?"

सगळ्या आधी "छान" म्हणायच्या. रशिदा टेप फिरवत राहायची. मग दुसरं उत्तर यायचं. बँकेत काम करणारी एक बाई म्हणाली, संध्याकाळी घरी पोचल्यावर ती पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीवर नुसती बसून राहते, वर जायचा धीर होत नाही. लग्नाला सहा महिने झालेली एक मुलगी म्हणाली, "माझी चकली मोडली तर काय, हा विचार करून मला रात्री झोप येत नाही. हसू नका, भाभी." रशिदा हसली नव्हतीच. एक आजी म्हणाल्या, पाहुणे कधी जातील असं होतं, आणि गेले की घर खायला उठतं.

"सगळ्यास्नीच काय न काय हुतंय की," रशिदा बयाबाईला म्हणाली. "आणि रस्त्यावर बघावं तर सगळ्या हसत चाललेल्या."

"मला इचारलंस व्हय?" बयाबाई म्हणाली. "मला दिवाळी लई आवडती. पर झाल्यावर आठ दिस कुणाचं तोंड बघू वाटत न्हाई. अकरा वर्सं तुला ठावं न्हवतं."

हे खरं होतं. रशिदाला ते ठाऊक नव्हतं.

शांतादेवींचा ब्लाउज तिनं त्याच संध्याकाळी कापायला घेतला.

शांतादेवी गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. नवरा सिद्धाप्पा, मार्केट यार्डात मोठी पेढी. वय साठच्या आसपास, बोलणं मोजकं, कपाळावर भस्माची बारीक रेघ. त्या दर दिवाळीला दोन ब्लाउज टाकायच्या. एक स्वतःचा, आणि दुसरा भारी रेशमी, वेगळ्या मापाचा. त्याच्यासोबत मापाला म्हणून एक जुना मेंदी रंगाचा ब्लाउज द्यायच्या आणि सांगायच्या, "ह्याच्यासारखाच. जराही फरक नको."

रशिदानं तो मेंदी ब्लाउज टेबलावर पसरला, आणि तिचा हात थांबला. काखेत घामाचा डाग नव्हता. हुकांची ओढ नव्हती. घडीच्या रेघा मात्र अशा पक्क्या की वर्षानुवर्षं तो त्याच घडीत राहिला असावा. तिनं कपाटातून जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षीची, त्याआधीची, त्याच्याही आधीची. शांतादेवींच्या नावापुढं दोन मापं. त्यांचं स्वतःचं माप दर वर्षी थोडं बदललेलं. दुसरं माप सात वर्षं तेच. छाती बत्तीस, कंबर सत्तावीस, बाही नऊ.

कुठल्या बाईचं माप सात वर्षं तेच राहतं? बाळंतपण, आजारपण, दुःख, सुख, सगळं रशिदाच्या टेपला कळायचं. काही बायका तोंडानं सांगायच्या आधी टेपनं सांगितलेलं असायचं. ही कोण होती, जिला सात वर्षांत काहीच झालं नव्हतं?

गुरुवारी शांतादेवी ब्लाउज न्यायला आल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रशिदानं दोन्ही ब्लाउज घडी घालून पिशवीत ठेवले आणि विचारलं, "शांताक्का, राग येनार नसंल तर एक इचारू? हे दुसरं माप कुणाचं?"

"पाहुण्यांतल्या एका मुलीचं."

"त्यास्नी एकदा घिऊन या की. सात वर्सं झाली, माप बदललं असंल. उगंच रेशीम वाया जायाचं."

शांतादेवींनी पिशवी उचलली. पिशवी हातातून खाली गेली. उचलायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या, एक हात छातीवर. ओठ पांढरे पडले होते. श्वास आखूड, एकावर एक.

रशिदानं हे बाहेरून कधी बघितलं नव्हतं, पण तिनं ते ओळखलं. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं. बयाबाईनं न सांगता शटर अर्धं खाली ओढलं.

"माझ्याकडं बघा, आक्का. आत वढू नका. भाईर सोडा. चूल फुकताना सोडतो तसा, हळू. हां. आनि एकदा."

"मी... हार्ट..."

"तसं काय असंल तर डॉक्टर बघतील, आपून जाऊयाच. पर मला हेच झालतं, असंच. घड्याळाकडं बघा. आता चार वाजून धा मिन्टं झाल्यात. पंचवीसला उतार पडंल."

चार वाजून बावीस मिनिटांनी शांतादेवींनी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि कुणी काही न विचारता त्या सांगायला लागल्या.

"सौंदर्याचं माप आहे. माझ्या मुलीचं."

रशिदा जमिनीवरच बसली होती, तिथून हलली नाही.

"कॉलेजात असताना एका मुलाशी जमलं. बिद्रीकडचा, साखर कारखान्यात नोकरी. आमच्यातला नाही. ह्यांनी नको म्हटलं. तिनं लग्न केलं. ह्यांनी सांगितलं, ह्या घरात तिचं नाव निघणार नाही. तेव्हापासून नाही निघालं."

"मग हाय कुठं ती?"

"गारगोटीत. शाळेत शिकवते."

"गारगोटी?" बयाबाई म्हणाली. "दीड तासाची वाट की."

"हो. दीड तास." शांतादेवी म्हणाल्या. "पहिल्या दिवाळीला मी चोरून फोन केला होता. ती म्हणाली, 'अव्वा, अप्पांना सांगून फोन कर. चोरून नको. मी काही चोरी केलेली नाही.' मग मी नाही केला. ह्यांना सांगायचा धीर झाला नाही. दिवाळीला मुलीला कापड घ्यायचं असतं, म्हणून ब्लाउज शिवते. पेटीत सहा आहेत. हा सातवा."

"आनि हे छातीतलं?"

"दर दिवाळीला होतं. वसुबारसेच्या आसपास सुरू होतं, भाऊबीज झाली की थांबतं. घरात चाळीस माणसं जेवायला असतात, कुणाला सांगू? अॅसिडिटीची गोळी घेते."

"सात वर्सं?"

"सात वर्षं."

रशिदा उठली. "चला. डॉक्टरांकडं जाऊया. घरात सांगा, ट्रायलला वेळ लागतोय."

शांतादेवींनी तिच्याकडं बघितलं. "म्हणजे परत चोरूनच?"

शांतादेवींनी पर्समधून फोन काढला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि मग लावला. "मी टेलरकडं आहे. छातीत धडधडतंय. डॉक्टरकडं जातेय." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "या," त्या म्हणाल्या.

त्या आणि रशिदा दवाखान्यात पोचल्या, आणि पाठोपाठ सिद्धाप्पाही आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बाहीला गुळाचा चिकट डाग. ते बायकोशेजारी बाकावर बसले. रशिदा निघायला उठली, तर शांतादेवींनी तिच्या मनगटाला धरलं. मग ती आतही गेली. जाणं योग्य की नाही असा विचार तिच्या मनात आला, पण पुढं काय होतंय हे बघायची इच्छा त्याहून मोठी होती, हे तिनं नंतर नईमपाशी कबूल केलं.

ईसीजी स्वच्छ होता. रक्तदाब थोडा वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"सात वर्षं," शांतादेवी म्हणाल्या. "दर दिवाळीला."

सिद्धाप्पा म्हणाले, "मला तू अॅसिडिटी सांगितलीस."

"हो."

"दर दिवाळीला म्हणजे..." आणि ते बोलायचे थांबले. तेजी-मंदीचे आकडे तोंडपाठ ठेवणाऱ्या त्या माणसाला सात वर्षं मागं जायला एवढा वेळ लागावा याचं रशिदाला नवल वाटलं. मग त्यांचा चेहरा बदलला आणि तिला कळलं, ते पोचले.

शांतादेवी डॉक्टरांकडं बघूनच बोलल्या. "मला सौंदर्याला फोन करायचाय. ह्यांना सांगून करायचाय. म्हणून सांगतेय."

सिद्धाप्पा उठले आणि बाहेर गेले. काचेतून रशिदाला ते दिसत होते. ते पायरीवर उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली, आत काहीतरी लिहिलेलं असावं तशी बघितली, पुन्हा घातली. एक रिक्षावाला थांबला, त्याला त्यांनी हातानं पुढं जायला सांगितलं. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर डॉक्टर उगाच तारीख पुन्हा गिरवत होते.

सिद्धाप्पा आत आले. "घरी जाऊन कर," ते म्हणाले. "इथं नको."

पुढचे दोन दिवस रशिदाला काही कळलं नाही. फोन करावा असं तिला दर तासाला वाटायचं. "तुला काय करायचंय त्येंच्या घरातलं?" बयाबाई म्हणायची, आणि पायरी वाजली की स्वतःच मान वर करून बघायची. तेवढ्या वेळात रशिदानं आणखी सात जणींना नाही म्हटलं. एकीला नाही म्हणता आलं नाही, आणि तासाभरानं तिच्या छातीवर ते येऊन बसलं. तिनं श्वास सोडला, घड्याळ बघितलं, लिहिलं. अकरा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी शांतादेवी आल्या. स्टुलावर बसल्या. दोन रात्री झोप नसल्यासारखा चेहरा, पण आवाज मोकळा.

"तिनं फोन उचलला. पहिलंच विचारलं, 'अप्पांना सांगितलंस?' मी म्हटलं, समोर बसलेत. मग ती गप्प, मी गप्प. सात वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, एक आठवेना. शेवटी मी विचारलं, 'तुझं ब्लाउजचं माप किती गं आता?'"

"मग?" बयाबाईनं विचारलं.

"ती रडायला लागली. म्हणाली, 'अव्वा, बाळंतपणानंतर कुठलंच जुनं काही होत नाही मला.'" शांतादेवींनी बयाबाईकडं बघितलं. "चार वर्षांची मुलगी आहे. आम्हांला माहीतच नव्हतं. ह्यांनी लांबूनच विचारलं, 'नाव काय?' तिनं सांगितलं, ईश्वरी. ह्यांच्या आईचं नाव."

मग रशिदानं विचारलं, "दिवाळीला येनार न्हवं?"

"नाही. म्हणाली, एवढ्या लवकर नको. नवऱ्यालाही विचारायला पाहिजे, त्याचाही अपमान झालाय. भाऊबीजेनंतर तुम्हीच या, दोघं. ह्यांनी अजून होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही."

"आनि छाती?"

"धडधडते. काल चकल्या तळताना झालं. मी गॅस बंद केला, बसले, आणि घरात सगळ्यांना सांगितलं की मला बरं वाटत नाही, उरलेल्या तुम्ही तळा. जावेनं तळल्या. जरा वातड झाल्यात." त्या पहिल्यांदाच हसल्या.

दिवाळी झाली. सिद्धाप्पा गेले का, हे रशिदाला दहा दिवसांनी कळलं. गेले. गाडी त्यांनीच चालवली. गारगोटीच्या बाजारात थांबून केळी घेतली, पेरू घेतले, पुन्हा केळीच घेतली, आणि मुलीच्या दाराशी पोचल्यावर म्हणाले, "तू हो पुढं." पाऊण तास गाडीत बसले. मग जावईच खाली आला आणि म्हणाला, "चहा गार होतोय." ते वर गेले. चहा प्याले. फार काही बोलले नाहीत. निघताना नातीनं विचारलं, तुम्ही कोण, आणि त्यांना पटकन सांगता आलं नाही. शांतादेवींनी सांगितलं.

रशिदाचे सोळा ब्लाउज दिवाळीच्या आत झाले नाहीत. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीच्यांनी कुरकुर केली आणि नंतर नेले. भाऊबीजेनंतर तिनं चार दिवस दुकान बंद ठेवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या दिवशी सकाळी ती उठली, नईमला डबा दिला, आणि करायला काही नाही म्हणून गॅलरीत जाऊन बसली. ऊन चांगलं होतं. फोन बंद होता. कुणाला हो म्हणायचं नव्हतं, कुणाला नाही म्हणायचं नव्हतं. आणि तिथं, त्या खुर्चीत, ते तिच्या छातीवर येऊन बसलं.

ती घाबरण्याआधी चकित झाली. हे कसं काय? आता तर काहीच नव्हतं. तिनं श्वास सोडला, उतरायची वाट बघितली, आणि मग आत जाऊन वही आणली.

पुढच्या सोमवारी शांतादेवी आणि ती सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीबाहेर बाकावर बसल्या होत्या. रांग लांब होती. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या हातात जेवणाचा डबा. वेगळं असं कुणीच दिसत नव्हतं. आत एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई होत्या. रशिदानं त्यांच्यापुढं वही उघडून ठेवली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"बाकीचं मला समजलं, डॉक्टर," ती म्हणाली. "पर हे न्हाई समजलं. काम बी न्हवतं, मानूस बी न्हवतं, मी नुसतं उनात बसलोतो. तवा का आलं?"

डॉक्टरीणबाईंनी नोंद वाचली. मग चष्मा वर करून रशिदाकडं बघितलं, खुर्ची जरा पुढं ओढली आणि म्हणाल्या, "अशा नुसत्या बसून राहिलात, असं शेवटचं कधी झालं होतं, ते आधी सांगा."

रशिदा आठवायला लागली.